सर्व्हरची ओळखपरेड

एसएसएच वापरून एखाद्या नव्या सर्व्हरशी पहिल्यांदाच जोडायला गेलं की आपल्या संगणकावरचा प्रोग्राम एक प्रश्न विचारतो. इंग्रजीतल्या त्या प्रश्नाचा मतलब साधारण असा : समोरचं यंत्र खरोखर तेच आहे का, हे मला ठरवता येत नाही, त्याच्या चावीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचं नक्की ना? ठशाची ती ओळ वाचताना जीभ अडखळावी अशी असते. नुसतं 'वाय' दाबून भागत नाही, 'येस' अख्खं लिहावं लागतं. हेतू हा की तेवढं लिहिता लिहिता माणूस क्षणभर थांबेल, विचार करेल. प्रत्यक्षात काय होतं ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा... ओळीकडे न बघता बोटं आपोआप 'येस' लिहून मोकळी होतात :)

मला या प्रश्नाचं फार दिवसांपासून कुतूहल आहे. इतकी दुबळी वाटणारी गोष्ट, आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा रोजचा कारभार तिच्यावर टेकलेला! हा प्रश्न आला कुठून? लोक न वाचताच उत्तर देतील हे तो लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं का? शोधत गेलो तर गंमत अशी निघाली, की लोक ही तपासणी टाळणार हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी जाणूनबुजून तसं केलं होतं.

आधी थोडं प्राथमिक. (मावशी, हा परिच्छेद तुझ्यासाठी. बाकीच्यांनी गाळला तरी चालेल.) "बँकेतून बोलतोय" म्हणून फोन येतो. तो माणूस तुला जन्मतारीख विचारतो, खात्याचे शेवटचे चार आकडे विचारतो, म्हणजे तू तूच आहेस याची खातरजमा करून घेतो. पण तो बँकेतलाच आहे याची खातरजमा तू कशी करायचीस? दूरच्या संगणकावर काम करण्याचा प्रकार सुरू झाला तेव्हा रोजच्या वापरात नेमकं असंच एकतर्फी चाललं होतं. आपण पासवर्ड देऊन सर्व्हरला आपली ओळख पटवायची. सर्व्हरने आपल्याला ओळख पटवायची पद्धतच नव्हती. एसएसएचमधला तो प्रश्न म्हणजे फोनवरच्या माणसाला "तुम्ही कोण?" असं उलट विचारणं.

एसएसएचच्या आधी टेलनेट होतं. त्यात पासवर्ड तारेवरून उघडावाघडा जायचा. १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आरलॉगिन आलं. त्याची तऱ्हा आणखी न्यारी. ठराविक नावाच्या यंत्राकडून कुणी आलं तर त्याला पासवर्डही विचारू नये, अशी फाईल करून ठेवायची सोय होती. यंत्राने सांगितलं मी अमुक, की झालं. एका वाड्यातल्या बिऱ्हाडांनी दारं उघडी ठेवावीत तसा कारभार. विद्यापीठातल्या मूठभर यंत्रांपुरता तो ठीकही होता. पुढे वाड्याला रस्ते जोडले गेले, परकी माणसं आत यायला लागली, आणि दारं तशीच उघडी राहिली.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्राम बसवला. तो सापडला तेव्हा त्यात हजारो नावं आणि पासवर्ड जमा झालेले होते. तातू युलोनेन हा तिथला संशोधक. त्याने या प्रकारावर उपाय म्हणून काही महिन्यांत एक प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये फुकट वाटला. तोच एसएसएच. त्याला पोर्ट क्रमांक २२ कसा मिळाला ही गोष्टही मजेदार आहे. २१ वर फाईली पाठवणारं एफटीपी, २३ वर टेलनेट, आणि मधला २२ मोकळा. युलोनेनने क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला एक ईमेल लिहिली आणि दुसऱ्या दिवशी क्रमांक हातात! वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांतले सुमारे २०,००० लोक हा प्रोग्राम वापरत होते, असा अंदाज आहे.

आता एसएसएच म्हटलं की लोकांना सांकेतिक लिपी आठवते, म्हणजे मधल्याला वाचता येऊ नये म्हणून केलेली गुंडाळणी. पण नुसत्या गुंडाळणीने काही साधत नाही. पत्र कितीही पक्कं लाखबंद करा, ते चुकीच्या माणसाच्या हातात दिलंत तर लाख फोडणारा तोच. म्हणून युलोनेनने प्रत्येक सर्व्हरला स्वतःची एक चाव्यांची जोडी दिली. खाजगी चावी सर्व्हरच्या पोटात राहते, बाहेर येत नाही. सार्वजनिक चावी तो येईल त्याला दाखवतो, आणि तिच्या जोडीची खाजगी चावी आपल्याकडे आहे हे गणिताने सिद्ध करून देतो. पहिल्या भेटीत आपला प्रोग्राम ती सार्वजनिक चावी 'नोन-होस्ट्स' नावाच्या फाईलमध्ये, म्हणजे ओळखीच्या यंत्रांच्या वहीत, टिपून ठेवतो. पुढच्या वेळी वहीशी ताडून बघतो. जुळली तर चकार शब्द काढत नाही.

खोच आहे ती पहिल्या भेटीत. वहीत अजून काहीच नाही, मग ताडायचं कशाशी?

हा पेच एसएसएचपेक्षा जुना आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी अनोळखी माणसांना उघड्या तारेवर गुपित कसं ठरवता येईल हे दाखवलं, तेव्हाच त्यांना हा प्रश्न दिसला होता. सगळ्यांच्या सार्वजनिक चाव्या टेलिफोन डिरेक्टरीसारख्या एका जाहीर यादीत ठेवाव्यात, असं त्यांनी सुचवलं. १९७८ मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात वेगळी वाट काढली : यादी नको, विश्वासू माणसाने प्रत्येक चावीवर सही करून दाखला द्यावा. आज ब्राउझरमधल्या कुलुपामागे जी प्रमाणपत्रं असतात त्यांचं मूळ हेच.

म्हणजे १९९५ साली युलोनेनसमोर पुस्तकी उत्तर तयार होतं. दाखले देणारी संस्था नेमा, तिची सही असल्याशिवाय कुणाशी बोलू नका. अडचण एवढीच की अशी सगळ्यांपर्यंत पोचलेली संस्था तेव्हा नव्हती. ती उभी राहीपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर लोकांनी काय केलं असतं? टेलनेटच वापरत राहिले असते, दुसरं काय! म्हणून त्याने तडजोड केली. मूळ पॅकेजमध्ये आपल्या संस्थेतल्या सगळ्या यंत्रांच्या चाव्या गोळा करून यादी बनवणारी एक स्क्रिप्ट होती. व्यवस्थापकाने ती यादी आधीच सगळीकडे वाटावी ही सोय. आणि ज्यांच्याकडे यादी नाही, त्यांच्यासाठी तो प्रश्न.

ही तडजोड पुढे काळ्यावर पांढरी झाली. जानेवारी २००६ मध्ये एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रमाण आरएफसी ४२५१ म्हणून प्रसिद्ध झालं. एरवी असले दस्तऐवज वाचणं म्हणजे सात-बारा वाचण्याइतकं रुक्ष काम, पण यातला एक परिच्छेद मला फार आवडतो. पहिल्या भेटीत चावी न तपासण्याची मुभा दिल्याने हा प्रोटोकॉल कमजोर होतो, हे तो सरळ कबूल करतो. आणि पुढे म्हणतो की वापरायला सोपी नसलेली सुरक्षा लोक वापरतच नाहीत, आणि जी वापरली जात नाही तिच्याने काहीच सुधारत नाही. म्हणून ही मुभा दिल्याने एकूण इंटरनेट अधिकच सुरक्षित होईल असं आम्हाला वाटतं. सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसांनी "आमचं साधन मुद्दाम थोडं ढिलं ठेवलंय" असं लिहून ठेवणं विरळाच. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. टेलनेट कुणी बंदी घालून संपवलं नाही. दुसरी गोष्ट तितकीच सोपी निघाली म्हणून ते मागे पडलं.

पण ढिलाईची किंमत असतेच.

दुसऱ्याचं सोंग घेऊन मध्ये उभ्या राहणाऱ्याला मराठीत 'तोतया' हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा निदान खऱ्या भाऊंना डोळ्यांनी पाहिलेली माणसं पुण्यात होती. पहिल्यांदा भेटणाऱ्या सर्व्हरला आपण कधी पाहिलेलंच नसतं. तोतया मध्ये उभा राहतो, आपल्याला स्वतःची चावी दाखवतो, आपण 'येस' म्हणतो, पासवर्ड देतो. तो पासवर्ड तो खऱ्या सर्व्हरला देतो आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत राहतो. आपल्याला काही वेगळं जाणवत नाही, कारण काम व्यवस्थित होतंय! (पासवर्डऐवजी आपणही चावीने लॉगिन करत असू तर दुसऱ्या आवृत्तीत तोतयाला ती सही पुढे खऱ्या सर्व्हरकडे चालवता येत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा चावी वापरावी.)

बरीच वर्षं हे सगळं कागदावरचं भय मानलं जात होतं. डिसेंबर २००० मध्ये डग साँग याने आपल्या डीस्निफ या हत्यारांच्या पेटीत पहिल्या आवृत्तीच्या एसएसएचसाठी असा आयता तोतया घालून दिला. डग साँग हा स्वतः ओपनएसएसएचच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. म्हणजे कुलूप बनवणाऱ्यांपैकीच एकाने किल्लीवाल्याचं दुकान उघडावं तसं. बोंबाबोंब झाली, पण त्याने नवीन काही फोडलं नव्हतं. "तुम्ही न वाचता 'येस' म्हणता" एवढंच त्याने चालवून दाखवलं.

पहिली भेट निभावली की मग मात्र वही राखणदारी करते. नंतर कधी चावी बदललेली दिसली तर प्रोग्राम पडदाभर चिन्हांची चौकट काढून मोठ्या अक्षरांत ओरडतो, की समोरच्याची ओळख बदलली आहे, कुणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे. आणि त्याखाली साध्या अक्षरांत, की कदाचित नुसती चावी बदलली असेल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि दोन्ही वेळी पडदा अगदी सारखाच दिसतो. हीच त्यातली मेख.

१३ मे २००८ ला ही मेख सगळ्या जगाला टोचली. डेबियन या लिनक्सच्या वाणात सप्टेंबर २००६ मध्ये कुणीतरी ओपनएसएसएलमधल्या, एका तपासनीस प्रोग्रामने आक्षेप घेतलेल्या ओळी काढून टाकल्या होत्या. त्या ओळींमुळे चावी बनवताना लागणारा यादृच्छिकपणा येत होता. त्या गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या चावीला जगात जास्तीत जास्त ३२,७६७ पर्याय! एवढ्या चाव्या कुणीही बनवून ठेवू शकतो, आणि लोकांनी बनवल्याही. लुचियानो बेल्लो याच्या हे लक्षात येईपर्यंत पावणेदोन वर्षं गेली होती. या काळात डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या सर्व्हरच्या चाव्या फेकून नव्या कराव्या लागल्या. आणि चावी बदलली की वही ओरडणार. त्या आठवड्यात जगभर तो इशारा झळकला, आणि जगभरच्या व्यवस्थापकांनी आपल्या लोकांना एकच निरोप दिला : काळजी करू नका, जुनी ओळ खोडा आणि 'येस' म्हणा. त्या आठवड्यात खराखुरा तोतया कुणी उभा असता तर त्याला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

आमच्या तेव्हाच्या ऑफिसात दोन सर्व्हर त्यात सापडले. चाव्या बदलल्यावर मी चाळीसेक लोकांना ईमेल केली, नवे ठसे लिहिले, आणि शंका असल्यास फोन करा असं कळवलं. फोन आला एकीचा. अकाउंट्समधल्या एक बाई दर महिनाअखेरीला विनएससीपीने फाईली चढवायच्या. त्यांनी विचारलं, "ईमेलमध्ये लिहिलंय ते तुम्हीच लिहिलंय कशावरून? तोंडी सांगा, मी टिकमार्क करते." तेव्हाचा ठसा एमडी५ चा असे, दोन-दोन आकड्या-अक्षरांच्या सोळा जोड्या. मी वाचत गेलो, त्या पेन्सिलने खुणा करत गेल्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "थांबा, 'बी' का 'डी'?" सोळा जोड्या जुळल्यावर "हं, टॅली झालं" म्हणून फोन ठेवला. इंजिनियर मंडळींपैकी कुणीही फोन केला नाही. आयुष्यभर ताळे जुळवणाऱ्या माणसाला दोन आकडे समोर ठेवलेत की ते ताडून बघावेत हे वेगळं शिकवावं लागत नाही, एवढंच त्यातून मी घेतलं.

माणसं ठसा वाचत नाहीत तर त्याचं चित्र करू या, असाही एक प्रयत्न झाला. जुलै २००८ मध्ये ओपनएसएसएच ५.१ आलं तेव्हा ठशावरून १७ बाय ९ घरांच्या चौकटीत चिन्हांची नक्षी काढायची सोय झाली. पद्धतीचं टोपणनाव 'दारूडा उंट', बुद्धिबळातला उंट! तो मधल्या घरातून निघतो आणि ठशाचे आकडे सांगतील तसा तिरपा तिरपा भेलकांडत जातो. जिथे जास्त वेळा पाऊल पडलं तिथे वेगळं चिन्ह. कल्पना मोठी लोभस. रोज बघितली तर बदललेली नक्षी डोळ्यात भरेलही. पण पहिल्या भेटीत ताडायला मूळ नक्षी आधी कुणीतरी द्यायला हवी, तेव्हा गाडी पुन्हा त्याच स्टेशनात.

पीटर गुटमन या न्यूझीलंडच्या संशोधकाने २०११ मध्ये यावर एक लेख लिहिला. शीर्षकच असं, की लोक एसएसएचच्या चाव्या तपासतात का? सारांशाच्या जागी एकच शब्द : नाही.

पुस्तकी उपायही येऊन गेले. २००६ मध्येच ठसा डीएनएसमध्ये नोंदवायची पद्धत प्रमाणित झाली. पण त्या नोंदीवर विश्वास ठेवायचा तर डीएनएसलाच सह्यांचं संरक्षण हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी नव्हतं. मार्च २०१० मध्ये ओपनएसएसएच ५.४ ने संस्थेच्या सहीचे दाखले आणले. मोठ्या कंपन्या ते वापरतात आणि चांगले चालतात. छोट्या ऑफिसात अजून तोच प्रश्न, तीच वही. क्लाउड आल्यावर तर रोज नवं यंत्र जन्माला येतं, संध्याकाळी मोडतं, आणि त्याच पत्त्यावर दुसऱ्या दिवशी वेगळी चावी घेऊन दुसरं उभं राहतं. मग लोक वैतागून तपासणीच बंद करून टाकतात. इशारा रोज खोटा वाजला की माणूस घंटाच काढून ठेवतो.

आणि दाखल्यांचा मार्ग निर्धोक होता असंही नाही बरं का. २०११ मध्ये डिजिनोटार या डच दाखलेवाल्या संस्थेत चोर शिरले, गुगलच्या नावाचा खोटा दाखला निघाला आणि इराणमधल्या लोकांवर वापरला गेला. संस्था दिवाळखोरीत गेली. एका माणसाच्या पहिल्या 'येस'ने एक माणूस फसतो, इथे एका सहीने देशभरचे फसले.

शेवटचा मोठा प्रसंग २४ मार्च २०२३ चा. गिटहबची आरएसए खाजगी चावी थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली होती, म्हणून त्यांनी ती बदलली. वेळ आपल्याकडची शुक्रवारी सकाळी साधारण साडेदहा, म्हणजे ऑफिसात नुकता चहा होतोय. ज्यांच्या वहीत जुनी आरएसए चावी होती त्या सगळ्यांच्या पडद्यावर ती चौकट एकदम उमटली. गिटहबने काम नीट केलं असं मी म्हणेन : काय झालं ते सांगितलं, नवा ठसा आपल्या साइटवर लावला, ताडून बघा म्हणून कळवलं. साइटवरचा ठसा खरा कशावरून? तर ब्राउझरच्या कुलुपावरून, म्हणजे १९९५ साली ज्या दाखल्यांची वाट बघायची नाही असं ठरलं होतं, त्यांच्याच भरवशावर. असो.

इतकं सगळं वाचून मला एक गोष्ट खटकते. लोक ठसा तपासत नाहीत म्हणून सगळे लोकांनाच बोल लावतात. पण तो प्रश्न वापरणाऱ्याला असं काही विचारतो, ज्याचं उत्तर फक्त सर्व्हर चालवणाऱ्याकडे असतं. गिटहबसारख्यांनी ठसे जाहीर लावलेत. आपल्या कॉलेजच्या, ऑफिसच्या, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा ठसा कुणी कधी लिहून दिलाय? ज्याच्या हातात ताडायला कागदच नाही त्याने 'येस' नाही म्हणायचं तर काय करायचं?

एप्रिल २०१९ मध्ये ओपनएसएसएच ८.० आलं आणि त्या जुन्या प्रश्नाला तिसरं उत्तर मिळालं. 'येस', 'नो', किंवा ठसाच तिथे चिकटवा. जुळला तर पुढे जाईल, नाही तर नाही. ताडायचं काम डोळ्यांचं राहिलं नाही. मला ही सुधारणा फार आवडली, तरी ती वापरणारा अजून क्वचितच भेटतो, कारण चिकटवायला ठसा आधी मिळायला हवा.

मी हल्ली कुणाला नवा सर्व्हर देताना पत्ता ईमेलने पाठवतो आणि ठसा व्हॉट्सअॅपवर. थोड्या वेळाने हमखास उत्तर येतं, "हे काय पाठवलंय? चुकून आलं का?" मग मी फोन करतो.